सासऱ्यांची फरची हॅट

फेल्टच्या हॅट दोन जातींच्या असतात, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. एक लोकरीच्या फेल्टची. मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळून, दाबून तिचा जाड थर करतात आणि त्या थराला डोक्याचा आकार देतात. दुसरी फरच्या फेल्टची. हिच्यात मेंढीच्या जागी ससा असतो, बाकी कृती साधारण तीच. एवढ्याशा फरकावरून ज्याच्या घरात, कचेरीत आणि जिन्यात उभी फूट पडली, तो गृहस्थ मी.

सुरुवात माझ्या टकलापासून झाली. टक्कल जुनं आहे आणि आमचे संबंधही चांगले होते. पण यंदा त्याच्यावर लाल चट्टे उठले आणि बायकोने मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी भिंगातून माझं डोकं बराच वेळ पाहिलं. माझ्या डोक्याकडे इतक्या आस्थेने आजवर कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी जरा सुखावलो होतो. मग त्या म्हणाल्या, "केस होते तोवर ते काम करत होते. आता तुम्हालाच काहीतरी करावं लागेल. साधी टोपी नको. कान, मान सगळं झाकणारी, चारी बाजूंनी कड असलेली हॅट घ्या."

"हॅट?" बायको रस्त्यात म्हणाली. "मग आधी बाबांना विचारा."

बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. आयुष्यभर बॉयलर इन्स्पेक्टर होते. त्यामुळे वाफ सोडून जगातल्या कशावरही त्यांचा पटकन विश्वास बसत नाही आणि जावयावर तर नाहीच. त्यांची एक राखाडी फेल्ट हॅट आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खुंटीवर असते. त्यांना बढती मिळाली तेव्हा ती सासूबाईंनी घेऊन दिली होती. त्या खुंटीवर दुसरं काही अडकवायचं नाही, हॅटला हात लावायचा नाही आणि तिच्या दिशेने शिंकायचं नाही, असे घरचे नियम आहेत.

"फर आहे ही," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "लोकर नव्हे. आमची मंडळी म्हणाली, घेईन तर फरचीच घेईन." मग फरचे गुण सुरू व्हायचे. फर हलकी. फर मऊ. फर आकार सोडत नाही. आणि पाऊस? "पाऊस फरवर पडतो आणि माफी मागून खाली उतरतो."

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकायची. पावसाला न घाबरणारी ही हॅट पावसात कधी जायचीच नाही. आभाळात वाटीएवढा ढग दिसला की सासरे हॅट उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, पिशवी कोटाच्या आत काखेत धरायचे आणि उघड्या डोक्याने भिजत घरी यायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "जावईबापू, सोनं गंजत नाही म्हणून कोणी ते मोरीत ठेवतं का?"

त्यांना न विचारताच मी दुकानात गेलो. माझ्या सगळ्या संकटांचं मूळ या एका वाक्यात आहे, असं बायको म्हणते.

हॅट विकणारा दुकानदार स्वतः बोडका होता. त्याने काउंटरवर दोन तपकिरी हॅट ठेवल्या. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. "डोळे मिटून हात लावा," तो म्हणाला. मी डोळे मिटले. एक हॅट मांजराच्या कानामागे लागते तशी लागली. दुसरी आमच्या वसतिगृहातल्या कांबळ्यासारखी लागली. मग डोळे उघडून मी मांजराच्या किमतीची चिठ्ठी वाचली आणि मागे काही सूट लिहिली आहे का, म्हणून ती उलटून पाहिली.

"तुम्ही लोकरीचं गिऱ्हाईक आहात," दुकानदार म्हणाला.

"हे माझ्या चेहऱ्यावरून कळतं?"

"चिठ्ठी वाचतानाच्या चेहऱ्यावरून."

पण माणूस भला होता. माझा पडलेला चेहरा पाहून त्याने लोकरीची बाजू उचलून धरली. लोकर उबदार. लोकर दणकट. लोकरीतून वारा आत येत नाही. "फक्त भिजवून उन्हात टाकू नका. आखडते," तो बांधून देताना म्हणाला. हे वाक्य त्याने फार हळू आवाजात म्हटलं, हे मला पुढे आठवलं.

घरी सासऱ्यांनी माझी हॅट दोन बोटांत धरली. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा, तशी. मग त्यांनी तिच्यावर टिचकी मारली आणि आवाज ऐकला. बॉयलर इन्स्पेक्टर टिचकी मारून पत्र्याचं आयुष्य सांगतो म्हणतात.

"जावईबापू, ही हॅट नाही. हे पायपुसणं आहे. फक्त चुकून वरच्या टोकाला आलंय."

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. आता वास्तविक मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण माणसाला केस नसले तरी मान असतोच. मी तिथल्या तिथे लोकरीचा कट्टर पुरस्कर्ता झालो. लोकर ही प्रामाणिक वस्तू आहे, ती मेंढीला न मारता मिळते, फर हे निव्वळ श्रीमंतांचं थोतांड आहे, असं मी जोरात बोललो. आमचं दार उघडं होतं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तळमजल्यावरच्या डेंटिस्टबाई भेटल्या. त्यांच्याकडे माझ्या दाढेवर कॅप बसवायची राहिली आहे, म्हणून मी त्यांना सहसा टाळतो. "मी तुमच्या बाजूने आहे," त्या म्हणाल्या. "लोकरच बरी. आणि दाढेचं काय?" पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी फरच्या बाजूने होते, कारण सेक्रेटरी नेहमी महागड्या गोष्टीच्या बाजूने असतात. आमच्या वर राहणारे निवृत्त रसायनाचे मास्तर कोणत्याच बाजूने नव्हते. "प्रयोगाशिवाय मत देणं हा गुन्हा आहे," असं म्हणून ते रोज जिन्यात उभे राहून दोन्ही बाजूंना मत देत होते.

कचेरीत तर भलतंच झालं. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारखिडकीवर बसतो. मागे एकदा आमच्या एका सहकाऱ्याने, पाणी नसलेल्या आठवड्यात, स्कूटरचं हेल्मेट घालूनच खिडकी उघडली होती. तेव्हापासून 'कार्यालयीन वेळेत शिरस्त्राण धारण करू नये' असं परिपत्रक आहे. माझी हॅट शिरस्त्राण आहे की वस्त्र, असा प्रश्न निघाला. मी वैद्यकीय कारणाचा अर्ज दिला. आस्थापना विभागाने तो परत पाठवला आणि विचारलं, 'सदर वस्तू लोकरीची की अन्य प्राणिजन्य पदार्थाची, याचा खुलासा करावा.' मी खुलासा केला. शेवटी परवानगी मिळाली, पण फक्त खिडकी बंद असताना. म्हणजे मी हॅट जेवणाच्या सुट्टीत, उन्हाचा कुठे पत्ता नसलेल्या खोलीत, डबा खाताना घालत असे.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. पण एका संध्याकाळी जिन्यात मास्तरांनी घोषणा केली. "या वादाचा निकाल लागू शकतो. दोन्ही हॅट नळाखाली धरायच्या. चिंब करायच्या. मग मागच्या अंगणातल्या पत्र्यावर उन्हात ठेवायच्या. आधी आणि नंतर टेपने घेर मोजायचा. आखडेल ती हरली."

सगळे सासऱ्यांकडे पाहू लागले. सासरे पायरीवर उभे होते, हॅट डोक्यावर होती. त्यांनी हॅटची कड एकदा चाचपली. मग म्हणाले, "फरला काय भीती? हो, करा."

सेक्रेटरींनी लगेच हरकत घेतली. अंगणातला नळ झाडांसाठी आहे, हॅटसाठी नाही, आणि पाणी वाया घालवणारा माणूस पाणीपुरवठा खात्यातलाच निघावा ही शरमेची बाब आहे. मला त्यांच्याकडे लेखी विनंती करावी लागली, आणि हॅटवरून ओघळणारं पाणी कुंडीतच पडेल, अशी हमीही द्यावी लागली. रविवार ठरला. सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली आणि खाली सही केली.

शनिवारी स्वयंपाकघरात बायकोने गॅस बंद केला, दार लोटलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. ती गॅस बंद करून बोलते तेव्हा मी उभा असलो तर बसतो.

"बाबांची हॅट लोकरीची आहे," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"आईने मला सांगितलं होतं. तिला फरचीच घ्यायची होती, पण जमलं नाही. मग लोकरीची घेतली आणि फरची म्हणून दिली. बाबा इतके खूश झाले की मग खरं सांगायची सोयच राहिली नाही. त्या दिवसापासून ते सगळ्या गावाला फर म्हणून सांगतायत. आई शेवटच्या आजारपणात म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस गं."

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मला आनंद झाला. ज्या हॅटच्या धाकाखाली मी इतकी वर्षं काढली, ती माझ्याच जातीची निघाली होती. पण बायकोचे डोळे भरले होते, आणि तो आनंद फार टिकला नाही.

"मी माघार घेतो," मी म्हणालो.

"तुम्ही माघार घेतलीत तर ते एकटेच जाऊन हॅट नळाखाली धरतील. ओळखता ना त्यांना? अहो, आपलं माणूस आपल्याशी खोटं बोललं, हे कळलंच तर निदान घरात कळावं. बायको खोटं बोलली हे त्यांना सगळ्यांसमोर, कुंडीपाशी कळायला नको."

म्हणून मी फरची हॅट घ्यायला निघालो. दाढेच्या कॅपसाठी बाजूला ठेवलेली रक्कम खिशात घातली. बोडका दुकानदार मला पाहून उठून उभा राहिला. "राखाडी, फरची," मी म्हणालो. त्याने भुवया वर केल्या. "राखाडीत दोनच होत्या. वर्षभर कोणी विचारलं नव्हतं. आज सकाळीच एक गेली, आता तुम्ही आलात. फरला काय उठाव आलाय!" माझं लक्ष नव्हतं. मी चिठ्ठी न वाचता पैसे दिले, आणि दुकानदाराने कदाचित पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.

नवी हॅट जुनी करणं हे काम कोणाला करावं लागू नये. त्या दुपारी सासरे जेवून लवंडले होते. सकाळी बँकेत हयातीचा दाखला द्यायला म्हणून गेले होते, ते थकून आले होते. मी न्हाणीघरात कडी लावून बसलो. चहाच्या चोथ्याने हॅट चोळली, मग पुसली, मग तिच्यावर बसलो, मग उठून परत फुगवली. सासऱ्यांच्या हॅटची फीत अलगद उसवून नव्या हॅटला टाचली. माझं शिवणकाम बघून बायको म्हणाली, "हे पाणीपुरवठा खात्याचं काम वाटतंय." तिने ते उसवून नीट घातलं. मग नवी हॅट खुंटीवर गेली आणि जुनी माळ्यावरच्या मोठ्या पातेल्यात, वर झाकण. ते पातेलं आम्ही पाहुणे असतील तरच काढतो, आणि आमच्याकडे पाहुणे येत नाहीत.

आता माझी बाजू पक्की होती. मी सगळ्या इमारतीसमोर हरणार होतो. हरल्यावर काय बोलायचं, तेही मी आरशासमोर म्हणून पाहिलं. 'बाबा, तुमचंच खरं.' हे वाक्य म्हणताना माझा चेहरा नेमका कसा दिसायला हवा, हे मात्र जमत नव्हतं.

रविवारी अंगणात सगळी इमारत होती. सेक्रेटरींनी कुंडी स्वतः जागेवर ठेवली. मास्तर टेप, वही आणि पंचा घेऊन आले. मी माझी तपकिरी आणली, सासऱ्यांनी त्यांची राखाडी. त्यांनी ती मास्तरांच्या हातात देताना डोळे झाकले नाहीत, ओठ दाबले नाहीत. शांतपणे आरामखुर्चीत बसले. मला आश्चर्य वाटलं, पण बॉयलरच्या माणसांना धडाक्याची सवय असते म्हणून सोडून दिलं.

मास्तरांनी दोन्ही हॅट चिंब केल्या. पाणी कुंडीत गेलं, थोडं सेक्रेटरींच्या चपलांत गेलं. मग दोन्ही पत्र्यावर उलट्या ठेवल्या. ऊन चांगलं रणरणीत होतं. मी माझ्या हॅटकडे पाहत राहिलो. आता आखडेल, मग आखडेल. दुपारपर्यंत आखडली नाही.

मास्तरांनी टेप लावला. राखाडी, जशीच्या तशी. तपकिरी, जशीच्या तशी. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा टेप लावला आणि वहीत काहीतरी खोडलं.

"निष्कर्ष," मास्तर म्हणाले, "लोकर आणि फर यांत तिळमात्र फरक नाही. फरला जास्त पैसे देणारा माणूस मूर्ख आहे."

डेंटिस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी तडक घरात गेले. मी हरलो नव्हतो, आणि पाठ केलेलं वाक्य वाया गेलं होतं. हॅट उचलली, तेव्हा हातात काहीतरी हलकं, मऊ लागलं. मांजराच्या कानामागे लागतं तसं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते डोळे मिटून ऊन खात होते.

"चहा घेणार का, बाबा?" मी विचारलं.

"घेऊ की," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात इमारतीत लोकरीची लाट आली. सेक्रेटरींनी घेतली, डेंटिस्टबाईंनी घेतली, मास्तरांनी प्रयोगाचा मान म्हणून घेतली. प्रत्येक जण मला रस्त्यात थांबवून कड वर करून दाखवायचा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मताप्रमाणे कोणीतरी काहीतरी विकत घेत होतं. सासरे एवढंच म्हणायचे, "सांगून ठेवा त्यांना, पावसात नेऊ नका म्हणावं." मी सांगत नव्हतो. प्रयोगात सिद्ध झालेल्या गोष्टीविरुद्ध मी कसं बोलणार?

मग पाऊस झाला. दुपारी झाला, भरपूर झाला आणि लगेच कडक ऊन पडलं. संध्याकाळी आमच्या दारावर थापा पडू लागल्या.

दार उघडलं तर जिना भरला होता. सेक्रेटरींच्या डोक्यावर हॅट इतकी घट्ट बसली होती की भुवया कायमच्या वर गेल्या होत्या. डेंटिस्टबाईंची हॅट वाटीएवढी झाली होती आणि ती त्यांनी हातात धरली होती. मास्तरांच्या डोक्यावरून त्यांची हॅट निघतच नव्हती, आणि ते तिच्याखालून अतिशय सभ्यपणे रागावले होते.

"तुमची आखडली नाही," सेक्रेटरी ओरडले. "आमच्याच का आखडल्या? काय केलंत तुम्ही? आत्ता बादली आणा. पुन्हा भिजवा तुमची!"

मी काय सांगणार होतो? माझी फरची आहे म्हटलं, तर मी लबाड ठरणार. ती फरची कशी झाली हे मला पक्कं माहीत नव्हतं, फक्त संशय होता. आणि संशय सांगितला, तर सासरे लबाड ठरणार. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तक्रारखिडकीवर इतकी वर्षं काढल्याने तेवढं मला चांगलं येतं.

मागून सासऱ्यांचा आवाज आला. "त्यांना बोलू नका. मी बदलली."

सासरे पुढे आले. "प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी यांची लोकरीची काढली आणि तशीच दिसणारी फरची ठेवली. माझ्या जावयाचं चारचौघांत हसं होऊ नये म्हणून. यांना यातलं काही माहीत नव्हतं. दोष द्यायचा तर मला द्या."

माझा जावई, असं ते म्हणाले. मला ते 'जावईबापू' म्हणतात, 'हे' म्हणतात, कधी 'पाणीवाले' म्हणतात. 'माझा' आजवर कधी म्हणाले नव्हते. मला भरून आलं, आणि नेमकं त्याच वेळी सेक्रेटरी म्हणाले, "ते ठीक आहे, पण या हॅटचं काय?"

तेव्हा सासऱ्यांमधला बॉयलर इन्स्पेक्टर जागा झाला. "वाफ द्या," ते म्हणाले. "वाफेवर धरून भांड्यावर ताणायची. आत या सगळे. पोरी, मोठी भांडी काढ."

आमच्या स्वयंपाकघरात कधी नव्हे इतकी माणसं शिरली. गॅसवर पाणी उकळू लागलं. कुकरवर सेक्रेटरींची हॅट चढली, डब्यावर डेंटिस्टबाईंची. मास्तर स्वतःच डोकं खाली घालून वाफेपाशी उभे राहिले. "अजून एखादं पातेलं आहे का?" कोणीतरी विचारलं. बायको आणि मी एकाच वेळी "नाही" म्हणालो. पण सेक्रेटरी उंच आहेत. त्यांनी हात वर करून माळ्यावरचं पातेलं खाली ओढलं आणि झाकण काढलं.

आत राखाडी हॅट होती.

बाहेरच्या खुंटीवर एक राखाडी हॅट होती आणि ही दुसरी. मास्तर अखेर आपल्या हॅटमधून मोकळे झाले होते. त्यांनी ती उचलली आणि अंगठ्याने चोळली. "ही लोकरीची आहे," ते म्हणाले. "जुनी आहे, पण लोकरीचीच. कोणाची?"

"माझी," मी म्हणालो. "मीच घेतली होती. कोणाला सांगितलं नाही." सगळे माझ्याकडे असे पाहू लागले, जणू लोकरीचं वेड लागलेला माणूस पातेल्यात हॅट लपवतो हे त्यांना आधीपासूनच ठाऊक असावं. डेंटिस्टबाई दुःखाने मान हलवत होत्या. मी म्हटलं चालेल. एवढं झाल्यावर आता कसला मान राहिलाय?

सासरे पुढे झाले आणि त्यांनी हॅट मास्तरांच्या हातातून घेतली.

"यांची नाही. माझी आहे," ते म्हणाले. "आणि लोकरीची नाही. फरची आहे."

"अहो, पण हाताला कळतंय," मास्तर म्हणाले. "ही उघड उघड..."

"माझ्या बायकोने मला देताना सांगितलं, फरची आहे." सासऱ्यांचा आवाज चढला नाही. "तुमचा हात मोठा, की तिचा शब्द?"

मास्तरांनी हात मागे घेतला. "नाही, बरोबर आहे," ते म्हणाले. "फरच असावी." बायकोने ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले. वाफ खूप होती, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

सगळे गेल्यावर, स्वयंपाकाला भांडं न उरल्याने आम्ही तिघं पाव खात बसलो होतो.

"बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" बायकोने विचारलं.

"पहिल्याच पावसात दोन थेंब पडले ना, तेव्हाच कडेला सुरकुती आली. ही बघ. मी ती इस्त्रीने काढली आणि घरी गप्प बसलो."

"आईला काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? ती फर म्हणाली. मग हॅटला फर ठरवायचं काम माझं. भिजू दिली नाही की झालं." मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही. मी बँकेचं नाव करून, माझी बदलायला राखाडी फर पिशवीत घेऊन आलो, संध्याकाळी बघतो तर खुंटीवर आधीच फर! चहाचा वास मारत होती. मग मी घेतलेली दुकानात जाऊन बदलून आणली, तपकिरी. म्हटलं, या माणसाने माझ्यासाठी पैसे घातलेत, याला अंगणात कसं पडू द्यायचं?" मग त्यांनी विचारलं, "दाढ कोणत्या बाजूची दुखते?"

मी दाखवली. त्यांच्या ताटलीतला पावाचा मऊ भाग त्यांनी माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो. त्यांच्या डोक्यावर मी घेतलेली राखाडी, माझ्या डोक्यावर त्यांनी घेतलेली तपकिरी. रस्त्यात पाऊस आला. मी पाहिलं, त्यांच्या कोटाखाली काखेत प्लास्टिकची पिशवी होती. बसथांब्याच्या छपराखाली एक गृहस्थ उभे होते. हॅटवरून ओघळणारं पाणी पाहून त्यांनी विचारलं, "फरची आहे का हो? आखडत नाही वाटतं."

सासऱ्यांनी डोक्यावरच्या हॅटकडे बोट दाखवून हात झटकला. मग कोट जरा उघडून काखेतली पिशवी दाखवली. "ही साधीच. खरी फर ही."

गृहस्थांनी शंकेने माझ्याकडे पाहिलं.

"शुद्ध फर," मी म्हणालो. "माझ्या सासूबाईंनी घेतलेली आहे."